जॉन नेपियर: फोनमधल्या दशांश टिंबामागचा माणूस

दोन वर्षांपूर्वी मी एका ॲपमध्ये बिलाची रक्कम दाखवणारा कोड लिहिला होता. टेस्टिंग झालं, ॲप लाइव्ह गेलं, सगळं सुरळीत चालू होतं. मग एक दिवस आईने तिच्या फोनवर तेच ॲप उघडलं, रक्कम टाकली, पुढे जायचं बटण दाबलं आणि ॲप धाडकन बंद पडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. माझ्या फोनवर मात्र तेच काम सेकंदात होत होतं.

दोन संध्याकाळी घालवल्यावर फरक सापडला. आईच्या फोनची भाषा मराठी होती आणि आमच्या सगळ्या टीमच्या फोनची इंग्रजी. माझा कोड रक्कम दोन दशांश स्थळांपर्यंत नीट करून दाखवायचा. आईच्या फोनने ती इमानदारीत देवनागरी आकड्यांत दाखवली. पुढच्याच ओळीत माझा कोड तोच मजकूर परत संख्या म्हणून वाचायला जायचा, आणि वाचणाऱ्या फंक्शनला देवनागरी आकडे कळतच नव्हते. चूक फोनची नव्हती आणि आईची तर अजिबातच नव्हती. संख्या आणि तिचं लिहिलेलं रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी विसरलो होतो.

हा घोळ कॉम्प्युटरपेक्षा बराच जुना आहे. त्याचा माग काढताना मला एक माणूस भेटला. अकरावी-बारावी सायन्स केलेल्या प्रत्येकाने त्याचं काम हातात धरलेलं असतं, पण त्याचं आयुष्य फारसं कुणाला माहीत नसतं. लॉग टेबलची ती पातळ पुस्तिका आठवते? ती ज्याच्या डोक्यातून निघाली, तो जॉन नेपियर. आज आपण जे दशांश टिंब वापरतो, ते रुळवण्यात त्याचा मोठा हात आहे. गंमत म्हणजे टिंब की कॉमा, हा गोंधळसुद्धा त्याच्याच पुस्तकांत सापडतो.

जमीनदाराच्या घरातला मुलगा

नेपियरचा जन्म १५५० साली स्कॉटलंडमध्ये, एडिनबरोजवळच्या मर्चिस्टन नावाच्या गढीत झाला. वडील आर्चिबाल्ड तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते. घर श्रीमंत जमीनदारांचं. वडील पुढे स्कॉटलंडच्या टांकसाळीचे प्रमुख झाले, मामा बिशप होता.

तेरा वर्षांचा असताना, १५६३ मध्ये, त्याला सेंट अँड्र्यूज विद्यापीठात घातलं. त्याच वर्षी आई गेली. डिग्री न घेताच त्याने विद्यापीठ सोडलं. १५७१ पर्यंत तो परत स्कॉटलंडमध्ये होता आणि पुढच्याच वर्षी एलिझाबेथ स्टर्लिंगशी त्याचं लग्न झालं. दोन मुलं झाली, पण १५७९ मध्ये ती वारली. दुसरं लग्न ॲग्नेस चिझमशी झालं, आणि तिच्यापासून आणखी दहा मुलं.

म्हणजे हा काही प्राध्यापक नव्हता. शेती, कुळं, जमिनीचे वाद आणि बारा मुलांचं घर हे त्याचं रोजचं आयुष्य होतं. गणित हा फावल्या वेळातला उद्योग. स्वतःचं सगळ्यात महत्त्वाचं काम विचारलं असतं, तर त्याने धर्मावरच्या पुस्तकाचं नाव सांगितलं असतं. १५९३ मध्ये त्याने बायबलच्या शेवटच्या भागावर एक पुस्तक लिहिलं. त्यात आकडेमोड करून जगाचा अंत १६८८ ते १७०० च्या दरम्यान होईल असं काढलं होतं. त्या काळी ते पुस्तक इतकं गाजलं की डच, फ्रेंच आणि जर्मनमध्येही भाषांतरं झाली. गणित अचूक असलं तरी सुरुवातीचं गृहीतक चुकलं की उत्तर चुकतं, हे आपल्या धंद्यातल्यांनी यातून जरूर घ्यावं.

तीन वर्षांनी, १५९६ मध्ये, त्याने युद्धासाठीच्या गुप्त शोधांची एक यादी लिहिली. सूर्याचे किरण एकवटून शत्रूची जहाजं जाळणारे आरसे, चिलखती गाडी, पाण्याखालून जायची साधनं, असं बरंच काही त्यात होतं.

शेजारपाजारच्यांना मात्र हा माणूस जादूटोणा करतो असं वाटायचं. त्याच्याबद्दल एक गोष्ट आजही सांगितली जाते. घरात चोऱ्या होत होत्या आणि नोकरांपैकीच कुणीतरी करत होतं. नेपियरने एक काळा कोंबडा अंधाऱ्या खोलीत ठेवला आणि जाहीर केलं की हा कोंबडा चोराला ओळखतो. एकेकाने आत जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवून यायचं. कोंबड्याला त्याने आधीच काजळी फासून ठेवली होती. निर्दोष नोकर बिनधास्त हात फिरवून काळे हात घेऊन बाहेर आले. चोराने भीतीने कोंबड्याला हातच लावला नाही, त्यामुळे त्याचेच हात स्वच्छ राहिले. ही दंतकथा आहे, खरी असेलच असं नाही. पण कुणीही स्वतःहून चूक सांगणार नसेल तेव्हा ती आपोआप उघडी पडेल अशी टेस्ट लावायची, हे डोकं मात्र पक्कं इंजिनिअरचं.

वीस वर्षांचा हिशोब

त्या काळी आकडेमोड हा जिवाशी खेळ होता. समुद्रात जहाज कुठे आहे हे काढायचं तर कोनांच्या साइनच्या किमती घ्यायच्या आणि सात-सात अंकी संख्यांचे गुणाकार-भागाकार हाताने करायचे. एक अंक चुकला की जहाज भलतीकडे. ग्रहांची स्थानं काढणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांची आयुष्यं अशा गुणाकारांत जायची.

नेपियरची कल्पना ऐकायला सोपी आहे. २ चा तिसरा घात ८ आणि चौथा घात १६. यांचा गुणाकार १२८, म्हणजे २ चा सातवा घात. ३ आणि ४ ची बेरीज केली की गुणाकाराचं उत्तर कुठे आहे ते कळतं. प्रत्येक संख्येला असा एक जोडीदार आकडा देणारा तक्ता हाताशी असला, तर गुणाकाराची बेरीज होते आणि भागाकाराची वजाबाकी. घातांक लिहायची आजची पद्धत तेव्हा आलेलीसुद्धा नव्हती. त्याने ही कल्पना दोन रेषांवरून वेगवेगळ्या वेगाने धावणाऱ्या दोन बिंदूंच्या रूपात मांडली. या जोडीदार आकड्यांना त्याने ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, लॉगॅरिदम.

अवघड होता तो तक्ता. त्याला सुमारे वीस वर्षं लागली. १६१४ मध्ये एडिनबरोत त्याचं लॅटिन पुस्तक निघालं. त्यात ५७ पानं समजावून सांगणारी आणि ९० पानं नुसत्या तक्त्यांची.

तो तक्ता बनवताना त्याच्यापुढे आपल्या ओळखीचाच प्रश्न होता, राउंडिंगचा. अपूर्णांक टाळायला त्याने मूळ संख्या १,००,००,००० म्हणजे एक कोटी घेतली. तरी हजारो पायऱ्यांच्या हिशोबात प्रत्येक पायरीला थोडं थोडं कापत गेलं की चूक साठत जाते. म्हणून आतल्या हिशोबात तो एक कोटीच्या पुढे एक टिंब द्यायचा आणि त्यानंतर आणखी शून्यं लावून अंक पुढे नेत राहायचा.

टिंब देण्याआधी नियम

दशांश अपूर्णांक नेपियरने शोधले नाहीत. युरोपात ते लोकांपर्यंत नेणारा माणूस म्हणजे सिमॉन स्टेव्हिन. १५८५ मध्ये त्याने एक छोटी पुस्तिका काढून दशांशात हिशोब कसा करायचा ते व्यापारी आणि मोजणीदारांना शिकवलं. पण त्याची लिहायची पद्धत जड होती. प्रत्येक अंकाजवळ वर्तुळात त्याचं स्थान लिहायचं: पूर्णांकाला शून्य, दशांशाला एक, शतांशाला दोन. नेपियरच्या आधी टिंब वापरणारेही काही जण होते, पण ते सगळीकडे रुळलेलं नव्हतं.

आपला तक्ता कसा तयार केला हे सांगणाऱ्या पुस्तकात नेपियरने एक साधी गोष्ट केली. टिंब वापरायला सुरुवात करण्याआधी त्याचा अर्थ सांगून टाकला. टिंबानंतर जे अंक येतील तो अपूर्णांकाचा अंश समजायचा, आणि छेद म्हणजे १ वर तितकीच शून्यं. उदाहरणही दिलं. १००००००० नंतर टिंब आणि ०४ असेल, तर ते एक कोटी आणि चार शतांश. तेव्हाच्या वाचकाला हे चिन्ह माहीत असेलच असं त्याने धरून चालवलं नाही.

पण दुसऱ्या एका पुस्तकात तोच माणूस कॉमा वापरतो! हे पुस्तक १६१७ मध्ये निघालं. विषय होता, अंक कोरलेल्या कांड्या शेजारी शेजारी ठेवून गुणाकार कसा करायचा. या कांड्या पुढे नेपियरची हाडं म्हणून प्रसिद्ध झाल्या. चौकटीत तिरक्या रेषा मारून गुणाकार करायची जी जुनी रीत आहे, तिचेच हे सुटे तुकडे. ती रीत आपल्याकडेही होती. गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये भास्कराचार्यांच्या लीलावतीवर जी टीका लिहिली, तिच्यातही ती येते. त्याच पुस्तकात नेपियरने बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्या मांडून दोनाच्या घातांनी हिशोब करायची पद्धतही दिली आहे, म्हणजे आजच्या बायनरीचीच बहीण.

या पुस्तकात ८६१०९४ भागिले ४३२ हे गणित आहे. नेपियर स्टेव्हिनचं कौतुक करतो, एककानंतर टिंब किंवा कॉमा काहीही द्या असं सांगतो आणि उत्तर लिहितो १९९३,२७३. म्हणजे एक हजार नऊशे त्र्याण्णव आणि वर २७३ सहस्रांश. त्याच्या वाचकांना काहीच अडलं नाही, कारण नियम त्याच पानावर होता.

आता हेच उत्तर आजच्या कॉम्प्युटरला द्या. जर्मन सेटिंग असलेला प्रोग्राम ते बरोबर वाचेल. कॉमा गाळून टाकणाऱ्या कोडमध्ये ते १९ लाख ९३ हजार २७३ होईल, म्हणजे हजार पट. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट कॉमा दिसताच थांबेल आणि निमूटपणे १९९३ परत देईल. मजकूर एक, उत्तरं तीन, आणि एकदाही एरर नाही.

शेवटची दोन वर्षं

लॉगॅरिदमचं पुस्तक लंडनला पोचलं आणि ग्रेशम कॉलेजमधला गणिताचा प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज वेडा झाला. १६१५ च्या उन्हाळ्यात तो कित्येक दिवसांचा प्रवास करून थेट मर्चिस्टनला आला. दोघं समोरासमोर आले तेव्हा बराच वेळ एक शब्द न बोलता नुसते एकमेकांकडे बघत राहिले, असं सांगतात. ब्रिग्जने सुचवलं की १० हा पाया धरला तर तक्ते वापरायला आणखी सोपे होतील. नेपियरच्या मनातही तसाच बदल होता, पण तब्येत साथ देत नव्हती. ते काम त्याने ब्रिग्जकडे सोपवलं. १६१६ मध्ये ब्रिग्ज पुन्हा येऊन गेला. तिसऱ्या भेटीचंही ठरलं होतं.

४ एप्रिल १६१७ ला नेपियर गेला. संधिवाताच्या आजाराने तो बेजार झाला होता. टिंबाचा नियम सांगणारं पुस्तक त्याच्या मागे, १६१९ मध्ये, मुलगा रॉबर्टने छापून आणलं.

नेपियरची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. हा तक्ता खरं तर बऱ्याच जणांनी मिळून करायचं काम होतं, ते एकट्याने केलंय, त्यामुळे त्यात चुका राहिल्या असतील, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आणि चूक खरंच निघाली. पायऱ्या-पायऱ्यांच्या एका तक्त्यात त्याचा शेवटचा आकडा ९९९५००१.२२२९२७ असा आहे. बरोबर उत्तर ९९९५००१.२२४८०४. चूक टिंबानंतरच्या तिसऱ्या घरात, पण पुढचे हिशोब त्यावर उभे असल्याने ती पुढेही झिरपली. टिंबानंतरचे अंक आणि पद्धत त्याने उघड लिहून ठेवली होती, म्हणूनच नंतरच्या लोकांना ती नेमकी पकडता आली.

लॉगॅरिदम मात्र वेगाने पसरले. केप्लरने १६२० सालची आपली ग्रहांची सारणी नेपियरला अर्पण केली, तेव्हा नेपियर हयात नव्हता. १६२३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म शिकार्डने आकडेमोडीचं यंत्र आखलं, त्यात नेपियरच्या कांड्यांचीच कल्पना होती. आज मर्चिस्टनची ती गढी एडिनबरो नेपियर युनिव्हर्सिटीच्या आवारात उभी आहे.

टिंब इकडे, कॉमा तिकडे

लॉग टेबलं प्रत्येक नाविकाच्या हातात गेली आणि इंग्लंडमध्ये टिंब रुळलं. उरलेल्या युरोपात बऱ्याच ठिकाणी कॉमा टिकला. त्याला एक कारण होतं: लाइबनिझला गुणाकाराची फुली आवडायची नाही, कारण ती इंग्रजी एक्स अक्षरासारखी दिसते. १६९८ मध्ये त्याने गुणाकारासाठी टिंब सुचवलं. एकच टिंब दोन कामांना कसं वापरणार?

आपल्याकडे ब्रिटिशांच्या शाळांमधून टिंब आलं, आणि कॉमा लाख-कोटींसाठी. म्हणून आपण १२,३४,५६७.८९ लिहितो. जर्मनीत तीच रक्कम १.२३४.५६७,८९ होते. फ्रान्समध्ये गटांमध्ये बारीक मोकळी जागा सोडतात, स्वित्झर्लंडमध्ये वर स्वल्पचिन्ह देतात. वजन-मापांच्या जागतिक परिषदेने २००३ मध्ये यावर विचार केला आणि दशांशासाठी टिंब किंवा कॉमा दोन्ही चालतील असं ठरवलं. तीन-तीन अंकांचे गट करायचे तर मोकळी जागा सोडा, तिथे टिंब-कॉमा नको, हेही पुन्हा सांगितलं. म्हणजे चारशे वर्षांनंतरही नेपियरचंच म्हणणं कायम: दोन्ही चालेल. फक्त त्याचं दुसरं वाक्य आपण विसरलो, की कुठलं चिन्ह कशासाठी आहे ते आधी सांगा.

तर मग बिघडलं कुठे ते कसं शोधायचं?

तुम्ही कोड लिहीत असा किंवा नुसती एक्सेल फाइल उघडत असा, या पाच गोष्टी तपासा.

१. फाइल कुठल्या सेटिंगमध्ये बनली ते आधी विचारा. १.२५० हा आकडा नुसता बघून सव्वा किलो की साडेबाराशे हे कुणालाच सांगता येणार नाही. अंदाज लावणारा कोड कधीतरी चुकणारच.

२. सीएसव्ही फाइल उघडल्यावर सगळं एकाच कॉलममध्ये आलं, तर घाबरू नका. जिथे कॉमा दशांशासाठी असतो तिथे कॉलम वेगळे करायला अर्धविराम वापरतात. थेट डबल क्लिक करण्याऐवजी डेटा मेनूतून फाइल आत घ्या आणि दशांश चिन्ह स्वतः निवडा. जर्मन सेटिंगमध्ये ३.५ ची चक्क ३ मे ही तारीख होते, त्यामुळे तारखा अचानक उगवल्या तर संशय इथेच घ्या.

३. साठवायचं रूप आणि दाखवायचं रूप वेगळं ठेवा. डेटाबेसमध्ये, सर्व्हरला पाठवताना, फाइलमध्ये एकच ठरलेलं रूप. जावा किंवा कॉटलिनमध्ये त्यासाठी लोकेल.रूट किंवा लोकेल.यूएस स्पष्ट लिहा. नाही लिहिलं तर फोनची भाषा लागू होते. माझी चूक हीच होती.

४. स्क्रीनवर दाखवताना मात्र वापरणाऱ्याच्या भाषेतच दाखवा. त्यासाठी हाताने कॉमा चिकटवू नका, सिस्टीमची तयार सोय वापरा. जावास्क्रिप्टमधलं इंटल नंबरफॉरमॅट मराठी सेटिंगला लाख-कोटींचे गट आणि देवनागरी आकडे आपोआप देतं. आणि दाखवलेला मजकूर परत संख्या म्हणून वाचू नका, मूळ संख्या वेगळी जपून ठेवा.

५. टेस्टिंग निदान तीन फोनांवर करा: एक भारतीय इंग्रजी, एक जर्मन, एक मराठी. नेपियरचा १९९३,२७३ टाकून बघा. हा तुमचा काजळी फासलेला कोंबडा. जो कोड हजार पट उत्तर देईल, चोर तोच.

माझा बग शेवटी एका ओळीत सुटला. पण तो सुटेपर्यंत आईने फोनची भाषा इंग्रजी करून टाकली होती, आपल्यालाच वापरता येत नाही असं समजून. मराठी निवडणाऱ्या माणसाला ॲपने दिलेली ही शिक्षाच होती आणि ती माझ्या हातून झाली होती. आता तिचा फोन पुन्हा मराठीत आहे आणि बिलावर आकडे देवनागरीत येतात.

तुमच्याही फोनची भाषा एकदा मराठी करून बघा. एखादं ॲप रकमेवर अडलं, तर भाषा बदलू नका, ते ॲप बनवणाऱ्यांना कळवा. टिंब देण्याआधी त्याचा अर्थ सांगायचा, एवढं काम त्यांचं बाकी आहे.